शुश्रूषेची योजना कोणास विचारून करावी?

रोग्यास काय कळतें, असें कित्येक म्हणतात. आम्हांस हें मान्य नाहीं. १९८६ पासून गडचिरोलींत कार्य करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं रुग्णालय कसें असावें, हें प्रथम गोंड बांधवांसच विचारिलें. मोठ्या इमारतीचें भय वाटतें, आप्तांस जवळ राहूं द्यावें, असें ते म्हणाले. म्हणून शोधग्राम येथें झोंपड्यांसारखें, आप्तांना राहतां येईल असें दंतेश्वरी रुग्णालय झालें.

आमच्या केबिन रोडवरही अंथरुणास खिळलेल्या आजीस जिना उतरविण्यास किती माणसें लागतात, हें तिला व तिची सेवा करणाऱ्या सुनेलाच ठाऊक. औषध डॉक्टरांनीं ठरवावें. परंतु दवाखान्याची वेळ व घरभेटीचा वार हीं महानगरपालिकेनें त्या दोघींस विचारूनच ठरवावीं. पालकहो, तशी मागणी करा. विद्यार्थीमित्रहो, आधीं आपल्या आजीस विचारा.