लिहिलेले सापडलेच नाही, तर वाचणार कोण?

आंबेडकरी तरुण आज रोज लिहितो, तळमळीने लिहितो. पण ज्याला त्या लिखाणाची गरज आहे, त्याला ते सापडते का? खेड्यातल्या एखाद्या मुलीला महाडच्या सत्याग्रहावर भाषण करायचे असते. ती मोबाईलवर गुगल उघडते, चार शब्द टाकते आणि वर दिसणारी दोन-तीन पाने वाचते. तिच्यासाठी तोच इतिहास. तिथे आपण नसलो, तर आपला इतिहास दुसराच कुणी सांगतो, आणि तो त्याच्या सोयीने सांगतो.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू झाला, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. तेव्हा दारात संपादक उभा होता, आज संगणकाची आज्ञावली उभी आहे. "गुगलही त्यांचेच, तिथे आपल्याला कोण विचारतो?" असे काही मित्र म्हणतात. यात अर्धे सत्य आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेली पेजरँक पद्धत हा गुगलचा पाया. एखाद्या पानाकडे किती पाने दुवा देतात आणि ती पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावर त्या पानाचे महत्त्व ठरते. आज क्रम लावताना इतरही बरेच काही पाहिले जाते, पण दुव्यांचे वजन संपलेले नाही. म्हणजे ज्याला आधीच मान आहे, त्याला आणखी मान. ही रीत आपल्या ओळखीची आहे!

उरलेले अर्धे सत्य मात्र कडू आहे. आपले लिखाण आपणच झाकून ठेवतो. दोन हजार शब्दांचा लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला, की तो कुठल्याही शोधयंत्राला दिसत नाही आणि आठवड्याभरात वाहून जातो. मजकूर पोस्टरच्या चित्रात टाकला, की तो शोधात सापडण्याचा भरवसा नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले 'आंबेडकर' आपल्याला नीट दिसते, पण यंत्राच्या लेखी ती भलतीच रोमन अक्षरे असतात. आणि मथळा काय? 'जागे व्हा!' हे दोन शब्द टाकून महाडचा सत्याग्रह कोण शोधणार?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. लेख युनिकोडमध्ये आणि सर्वांना खुल्या असलेल्या पानावर लिहा. मथळ्यात विषय, स्थळ, साल येऊ द्या : 'महाडचा चवदार तळे सत्याग्रह, २० मार्च १९२७'. गुगलच्या सर्च कन्सोल या मोफत सेवेत आपल्या पानांची यादी द्या. शोधयंत्रांना मज्जाव करणारी सेटिंग चुकून चालू राहिली नाही ना, तेही तपासा. सर्वात महत्त्वाचे म्हणजे एकमेकांना दुवे द्या. नागपूरच्या मित्राने दीक्षाभूमीवर चांगले लिहिले असेल, तर तेच पुन्हा लिहू नका, त्याच्याकडे बोट दाखवा. आपल्यातले गट-तट इथेही आडवे येतात. दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याचा लेख पटतो, पण दुवा द्यायला हात धजत नाही. शोधयंत्राला आपले गट कळत नाहीत. त्याला एवढेच कळते, की या माणसांचे लिखाण त्यांची स्वतःची माणसेही दाखवत नाहीत.

कुणी म्हणेल, हा प्रसिद्धीचा हव्यास झाला. आम्हाला तसे वाटत नाही. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' ही पत्रे बाबासाहेबांनी कपाटात ठेवायला काढली नव्हती. हव्यास तेव्हा होतो, जेव्हा विकतचे दुवे घेतले जातात, तोच शब्द पन्नासदा कोंबला जातो किंवा खोटा, भडक मथळा दिला जातो. असल्या युक्त्यांना गुगल शिक्षा करते, हे एक. त्याहून मोठे म्हणजे, ज्या चळवळीचे बळ पुराव्यात आहे तिला लबाडी शोभत नाही.

मित्रांनो, या आठवड्यात नवा लेख लिहिण्याआधी एक काम करा. आपला सर्वात चांगला जुना लेख अनोळखी माणसासारखा शोधून पाहा. नाही सापडला, तर आधी त्याला वाट करून द्या.

जय भीम!