पाच तासांची सवड

वेसाव्याचा कोळी तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ अचूक सांगतो. परंतु २८ नोव्हेंबर १९४५ रोजी सकाळी जे पाणी आले, ते कोणत्याही तिथीच्या हिशेबात बसणारे नव्हते. त्या पहाटे साडेतीनच्या सुमारास दूर मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला. तेथून निघालेल्या त्सुनामी लाटा सव्वाआठच्या सुमारास मुंबईस पोचल्या. त्यांची उंची सुमारे दोन मीटर होती. वेसाव्यास पाच माणसे दगावली, हाजीअलीस सहा. दांडा व जुहू येथे नांगरलेल्या होड्यांचे दोर तुटले.

भूकंप आणि लाट ह्यांत जवळजवळ पाच तासांचे अंतर होते. एवढ्या वेळात माणूस वेसाव्याहून चालत अंधेरी स्टेशनास जाऊन परतही येईल! लाटेने सवड दिली होती. निरोप देणारे कोणी नव्हते.

आज ती उणीव राहिलेली नाही. २००४ सालच्या भीषण त्सुनामीनंतर, २००७ साली हैदराबाद येथे इशारा देणारे केंद्र सुरू झाले. भूकंपानंतर काही मिनिटांतच तेथून सूचना निघते. मग भय कशाचे? माझ्या मते, आपल्याच एका खोडीचे. समुद्र खवळला की आपण तो पाहावयास धावतो. पावसाळ्यातील मोठ्या भरतीस जुहूच्या चौपाटीवर लोटणारी गर्दी तुम्ही पाहिली असेलच. त्सुनामीपूर्वी तर कधी कधी पाणी दूरवर ओसरते आणि उघड्या वाळूवर मासे तडफडू लागतात. ते वेचण्यास गेलेला माणूस लाटेपुढे धावून सुटत नाही.

कोणी म्हणेल, जमीन हादरली की पळू. परंतु मकरान येथून हजार किलोमीटरांहून दूर आहे. तेथला हादरा अंधेरीत जाणवेलच असे नाही. म्हणून सरकारी इशारा मिळताच, किंवा पाणी अवेळी ओसरताना दिसताच, किनारा सोडावा. आत दूर जावे, नाहीतर पक्क्या इमारतीचे वरचे मजले गाठावे. पहिली लाट ओसरली म्हणून परतू नये. मागून येणारी लाट तिच्याहून मोठी असू शकते.

२००४ साली थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ ह्या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीने फेसाळलेले पाणी पाहिले. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकलेले तिला आठवले. तिने हट्टाने आईवडिलांना सांगितले आणि लाट येण्यापूर्वी तो किनारा रिकामा झाला.

मुलुंड-घाटकोपरच्या मुलांना हे सारे दूरचे वाटेल. पण सुट्टीत जुहूस तीही येतातच. वेसाव्याच्या मुलांनी मात्र घरी आजी-आजोबांस विचारावे, १९४५ च्या त्या सकाळीविषयी त्यांनी वडीलधाऱ्यांकडून काय ऐकले आहे.