नऊ महिन्यांचा कारभार

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या गेल्या सभेत असा प्रस्ताव आला की, डोहाळजेवणास लागणारा झोपाळा, चंद्रकोर, नौका, धनुष्यबाण आणि फुलांचे दागिने हा सारा सरंजाम मंडळाने एकदाच विकत घ्यावा आणि सभासदांस माफक भाड्याने द्यावा. प्रस्तावास विरोध करणारा मी एकटाच निघालो. आणि हा विरोध म्हणजे वयोमानाने आलेल्या चिक्कूपणाचा परिपाक होय, असा समज करून घेऊन सभेने पुढला विषय हाती घेतला. सभेत ज्या गोष्टीस पाच मिनिटे मिळाली नाहीत तिला अंकात दोन पाने द्यावीत, ही माझी विनंती संपादकांनी मान्य केली, याबद्दल त्यांचा मी ऋणी आहे.

डोहाळजेवणाशी माझे वैर नाही. पहिलटकरणीला हिरवी साडी नेसवावी, तिची ओटी भरावी, तिच्या आवडीचे चार पदार्थ तिच्यापुढे मांडावेत, यात वावगे असे काय आहे? परंतु हा सोहळा ज्या घरांत जन्मला त्या घरांत तो एका चालत्या बंदोबस्ताचा केवळ शेवटचा उत्सव होता. त्या घरी पाणी भरायला जाऊ होती, भाकरी थापायला सासू होती, पाय चेपायला नणंद होती, आणि सातवा सरला की पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी धाडण्याची वहिवाट होती. या हातांचा जाचही तितकाच असे, हे मी विसरलेलो नाही; पण हात होते. येथे, इंग्लंडात, दोन खोल्यांच्या वा चार खोल्यांच्या घरात दोनच माणसे असतात आणि त्यांतील एक गर्भिणी असते. देऊळ बांधायचे राहिले आणि कळस तेवढा भाड्याने आणला, अशी आपली गत झाली आहे.

हे मी कोणास हिणवण्यासाठी लिहीत नाही, कारण या प्रकरणातील पहिला गुन्हेगार मी स्वतः आहे. 1974 साली मी या देशात आलो आणि 1977 साली आमच्या घरी पाळणा हलणार असे ठरले. लेस्टर येथे एका वृद्ध बाईंच्या घराच्या माडीवर आमच्या दोन खोल्या होत्या. गॅसच्या मीटरमध्ये नाणे टाकावे तेव्हा शेगडी पेटावी. हिवाळ्यात खिडकी उघडावी तर त्या नाण्याची ऊब बाहेर जावी आणि न उघडावी तर फोडणीचा वास ओव्हरकोटात, पडद्यांत, गादीच्या कापसात शिरून बसावा, असा तो संसार. तिसरा महिना लागला आणि ज्या हिंगमोहरीच्या वासावर आमचे लहानपण पोसले तोच वास माझ्या पत्नीला असह्य झाला. ओला पदर नाकाशी धरून, मान वळवून, ती फोडणी घालीत असे. मी कचेरीतून येई, तिचा उतरलेला चेहरा पाही, आणि अत्यंत अनुकंपेने म्हणे, “आज फार काही करू नकोस, साधंच काहीतरी कर.”

या ‘साधंच’ शब्दावर एक प्रबंध लिहिता येईल. उच्चारणाऱ्यास तो औदार्याचा वाटतो आणि ऐकणारीस त्यात कर्तव्याची कोणतीही सूट आढळत नाही. कारण साधे असले तरी ते करणारी कोण, हा मुद्दा त्याने न बोलता निकालात काढलेला असतो. सुमारे दोन महिने मी हे औदार्य नेमाने दाखवीत होतो. अखेर एका संध्याकाळी ती शेगडीपासून दूर होऊन खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, “अहो, आज तुम्हीच साधंच काहीतरी करा ना. मला बघायचंय, किती साधं असतं ते.” त्या रात्री भात करपला, दुसऱ्या रात्री कच्चा राहिला, आणि तिसऱ्या रात्री जे काही भांड्यात निर्माण झाले त्यावर तूप आणि पुण्याहून आलेले मेतकूट घालून तिने ते मुकाट्याने संपवले. मऊ भात मला यायला लागला तेव्हा पाचवा महिना सरत आला होता. शेवटच्या तिमाहीत बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानदारास ‘अळीव’ कळत नाही, ‘असेळियो’ म्हटले की कळते, हेही ज्ञान मी मिळवले. परंतु आरंभीचे ते महिने, ज्यांत अन्नाचा वासही नकोसा होतो, माझ्या अज्ञानाच्या खाती जमा झाले ते झालेच.

आजच्या तरुण जोडप्यांची स्थिती माझ्याहून पुष्कळ बरी आहे, असे मला सांगण्यात येते. ते खरेही आहे. पती भ्रमणध्वनीवर रोज वाचून दाखवतो की गर्भ या सप्ताहात लिंबाएवढा झाला, पुढल्या सप्ताहात तो अमुक फळाएवढा होईल. अपत्यजन्माची वार्ता भाजीबाजाराच्या परिभाषेत का सांगावी हे मला उमगलेले नाही, पण त्याचा उत्साह निर्मळ असतो. बारा आठवड्यांच्या सुमारास पहिली सोनोग्राफी, वीस आठवड्यांच्या सुमारास दुसरी, पहिल्या बारा आठवड्यांपर्यंत फोलिक अॅसिड 400 मायक्रोग्रॅम, रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व, हे सारे त्याला मुखोद्गत असते. पाळणा, ढकलगाडी, गाडीतले आसन यांची खरेदी तो महिनोन्‌महिने आधी करतो. मात्र संध्याकाळी सहा वाजता, आगगाडीत उभ्याने प्रवास करून ती घरी येते तेव्हा, ‘आज जेवायला काय?’ हा प्रश्न अजूनही तिच्याच दप्तरात नोंदलेला असतो. त्या वेळी तिच्या माहेरी, नाशकात, हिवाळा असल्यास, रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि जिला विचारावे ती आई झोपलेली असते.

आईला विचारण्यातही एक पेच आहेच. तिकडून फर्मान येते की पपई वर्ज्य, अननस वर्ज्य. इकडची मिडवाइफ सांगते की बुरशीने पिकवलेली काही मऊ चीज वर्ज्य, यकृत वर्ज्य, आणि चहाकॉफीतून पोटात जाणारे कॅफीन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत. दोन्ही याद्यांची बेरीज करून जे उरते ते बहुधा वरणभात असते. (शेवटच्या तिमाहीत उताणे झोपू नये, कुशीवर झोपावे, या एका कलमावर मात्र आजी आणि मिडवाइफ यांचे एकमत आहे, आणि दोघींचेही ऐकावे.) या उलटसुलट हुकमांची छाननी करणे, मिडवाइफला नेमके प्रश्न विचारणे, उत्तरे टिपून ठेवणे, हे कारकुनी काम आहे, आणि जो मनुष्य दिवसभर कचेरीत हेच करतो त्याला ते घरी जमत नाही हे मी मान्य करणार नाही.

आमच्या पिढीस ठाऊक नसलेली एक तोड या पिढीने काढली आहे, ती म्हणजे ‘आई येईल तेव्हा होईल सगळं’. तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून 1977 मध्ये आमच्याकडे कोणी आले नाही. आता पैसे आहेत, पण पाहुण्याचा परवाना सामान्यतः सहा महिन्यांचा. ते सहा महिने बाळंतपणानंतर कामी यावेत म्हणून आई आठव्याच्या अखेरीस येते, आणि तोवरचे सारे दिवस ‘तात्पुरते’ म्हणून कसेबसे ढकलले जातात. मग साठी उलटलेली, सांधे धरलेली ती बाई परक्या थंडीत उतरते आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराची मुखत्यारी तिच्याकडे सोपवून जावई मोकळा होतो. लेकीच्या उशाशी बसण्यासाठी जी आली, तिला आपण ओट्याशी उभी करतो. आणि सहा महिन्यांनी ती परत जाते तेव्हा घरात तान्हे मूल असते आणि स्वयंपाक करणारे माणूस पुन्हा एकच.

परंपरेचा दाखला देऊन मला कोणी गप्प करू पाहील, म्हणून थोडे परंपरेकडेच वळतो. गर्भिणीसाठी गृह्यसूत्रांनी जे संस्कार सांगितले त्यांत पुंसवन आहे. त्याचा हेतू पुत्रप्राप्ती हा असल्याने त्याचा शोक करण्याचे कारण नाही. डोहाळजेवणात वाटीखाली पेढा की बर्फी हा खेळ त्याच वृत्तीचे गोड शेपूट आहे; ज्या महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 मध्ये, म्हणजे केंद्राच्या 1994 च्या कायद्याआधी, कायदा केला त्या महाराष्ट्राच्या लेकरांनी तो खेळ येथे तरी सोडावा. पण पुंसवनाशेजारीच सीमंतोन्नयन आहे. त्यात पतीने साळिंदराचा काटा, दर्भाच्या जुड्या आणि उंबराच्या कच्च्या फळांचा घोस हाती घेऊन पत्नीच्या केसांचा भांग स्वतः वर काढावयाचा असतो, आणि वीणा वाजवणाऱ्यांनी गावयाचे असते. पारस्कराने तर हा विधी पहिल्या गर्भाच्या वेळी, सहाव्या वा आठव्या महिन्यात सांगितला आहे. विधीमागील श्रद्धा कोणी मानो वा न मानो, त्यातील एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: पत्नी बसलेली आहे आणि हात पतीचे चालत आहेत. पुढे आपण त्या संस्काराचा सोहळा केला, तो बायकांकडे सोपवला, आणि पतीस दिवाणखान्याच्या दारापलीकडे छायाचित्रे काढण्यास उभे केले.

कायद्याच्या इतिहासातही पतीचे असेच एक रिकामे आसन दिसते. 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिविषयक विधेयकावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा देताना असे प्रतिपादन केले होते की, प्रसूतीपूर्वी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, आणि लाभ घेणाऱ्या मालकासही त्यातून सुटका नाही. 1929 मध्ये तो कायदा झाला. सरकार आणि मालक यांचा हिशेब तेव्हापासून मांडला जात आहे. या देशात आज मातेला 52 आठवडे रजा व त्यांतील 39 आठवड्यांपर्यंत वैधानिक वेतन मिळते; पित्याला दोन आठवडे, आणि 2014 पासून प्रसूतिपूर्व तपासणीस पत्नीबरोबर जाण्यासाठी दोन वेळा, प्रत्येकी साडेसहा तासांपर्यंत, बिनपगारी मोकळीक. ती सवलत घेतलीत का, असे मी मंडळातील चार तरुणांस विचारले. तिघांना ती असते हेच माहीत नव्हते. चौथ्याने ती घेतली होती, आणि त्या वेळात गाडी लावायला जागा शोधत राहिला.

“पण त्याला येत नाही,” हा आक्षेप मी बहुधा स्त्रियांच्याच तोंडून ऐकतो, आणि तो मला अर्धवट पटतो. येत नाही हे खरे. परंतु मुलाला धरावे कसे हे तरी तिला कोठे येत असते? तीही पहिल्यांदाच आई होत असते. फरक इतकाच की तिच्या न येण्याला जग मुदत देत नाही. पतीस मात्र निसर्गाने पुरती नऊ महिन्यांची उमेदवारी दिलेली आहे. या मुदतीत दूध, भाजी, कपडे, बिले, डॉक्टरांची पत्रे यांचा कारभार हळूहळू, एकेक खाते करून, त्याच्या हाती गेला पाहिजे. मूल जन्मल्यावर येथील कायद्याप्रमाणे 42 दिवसांत जन्मनोंद करणे हे त्या कारभारातील सर्वांत सोपे काम ठरावे.

म्हणून माझी तजवीज अशी. झोपाळा घेऊ नये. हवाच असेल त्यांनी वर्गणी काढून घ्यावा. मंडळाने एक वही घालावी, आणि ज्या सभासदांच्या घरी पहिले मूल होणार आहे त्यांच्याकडे आठव्या महिन्यापासून बाळंतिणीचा सव्वा महिना संपेपर्यंत आठवड्यातून दोन डबे जावेत, असा पाळीचा तक्ता चिटणिसांनी करावा. डबा पुरुष सभासदांनी रांधावा. डोहाळजेवणास पतीला आत बोलवावे आणि पत्नीची वेणी त्याने घालावी. येत नसेल तर तेथेच शिकावी, बायका हसतील तर हसू द्यावे. वहीत पहिले नाव माझे लिहावे. बुधवार मला सोयीचा आहे. मऊ भात, मेतकूट आणि बिनफोडणीचे गोडे वरण एवढे मला निश्चित येते.