रकाना एक, माणसं दोन

अहवाललेखनावरच्या आमच्या टिपणाला आलेल्या पत्रांत जवळजवळ सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. समुपदेशनाच्या छापील नमुन्यात ‘शरीरसंबंध’ हा एकच रकाना; त्यात ‘समाधानकारक / असमाधानकारक’ आणि खाली ‘वारंवारता’. एका समुपदेशिकेने प्रामाणिकपणे दोघांची उत्तरं लिहिली: पती असमाधानी, पत्नी समाधानी. नमुना लाल शेरा घेऊन परत आला, ‘माहितीत विसंगती आढळते. एकच उत्तर नमूद करून फेरसादर करावे.’ वर तोंडी सल्ला मिळाला की अर्जदार पती आहे, तेव्हा त्याचंच लिहा.

अहो, ही विसंगती हीच तर केस आहे! ती खोडली तर समुपदेशन कशाचं करायचं?

सरकारला हे कळत नाही असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्त्री-पुरुषांना वेगवेगळं विचारलं गेलं: नवऱ्याला गुप्तरोग असेल, त्याचे बाहेर संबंध असतील, किंवा बायको थकलेली असेल वा तिचं मन नसेल, तर तिने नकार देणं योग्य का? तिन्ही कारणं मान्य करणाऱ्या स्त्रिया ८० टक्के, पुरुष ६६ टक्के. घरगुती हिंसाचाराचे प्रश्न विचारायला एकांत मिळाला नाही, तर तो भाग सोडून द्यावा, असा त्या सर्वेक्षणाचा दंडकच आहे. आणि आपल्याकडे? बाकावर नवरा-बायको, मागे तिची आई नि त्याचा मामा, दार सताड उघडं, आणि टेबलापलीकडून प्रश्न, ‘आठवड्यातून किती वेळा?’ तो आकडा सांगतो, ती मान हलवते. झाली संयुक्त माहिती.

पण सगळं खापर शेरा मारणाऱ्या कारकुनावर फोडून चालणार नाही. ‘पत्नीत थंडपणा’ असं अहवालात बिनदिक्कत लिहिणारे आपल्या समुपदेशक संघटनेचेच सभासद आहेत. मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या लैंगिक प्रतिसादावरच्या १९६६च्या पुस्तकापुढे त्यांचं वाचन गेलेलं दिसत नाही. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं की दीर्घ सहवासात कित्येक स्त्रियांची इच्छा आधी नसतेच. जवळीक वाटली, स्पर्श सुखाचा झाला, की ती मागाहून जागी होते. २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानसंहितेने तर स्त्रीच्या इच्छेच्या आणि उत्तेजनेच्या तक्रारी एकाच निदानात आणल्या; पुरुषांच्या वेगळ्या ठेवल्या. शिवाय तिची इच्छा नवऱ्याहून कमी, एवढ्यावर निदान करता येत नाही.

दिवसभर घुम्यासारखा वागलेला नवरा रात्री स्पर्शाने समेट करू बघतो. तिला समेट आधी हवा असतो. त्याला तिचा नकार म्हणजे आपल्यालाच नाकारणं वाटतं, तिला त्याचा स्पर्श म्हणजे वसुली. खोली दहा बाय दहाची, पडद्याआड सासू जागी, पहाटे डबे करून लोकल गाठायची. यात थंडपणा कुठे शोधायचा? बाळ अंगावर पीत असेल तर इस्ट्रोजेन उतरलेलं, कोरडेपणा आणि दुखणं. नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत का, हे तरी कितीजण विचारतात? उलट जोडपीही येतात, तिला हवंसं आणि तो टाळतो. पण ‘पुरुष सदा तयार’ हे गृहीत धरलेलं, त्यामुळे तो चारचौघांत तोंड उघडत नाही. दुकानातून परस्पर सिल्डेनाफिल आणतो. ती गोळी रक्तप्रवाहाचं काम करते, इच्छा आणत नाही. त्याची साखर तपासायलाही कुणी सांगितलेलं नसतं.

रघुनाथराव कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक प्रश्नांवरचं मासिक काढलं तेव्हा ते एकटे होते. आपली तर संघटना आहे, वर्गणी आहे, वार्षिक मेळावाही आहे. तिथे शाली देऊन झाल्या असतील तर हा नमुना विषयपत्रिकेवर घ्या.

तोवर नव्या नमुन्याची वाट बघत बसू नका. दोघांना वेगवेगळं बसवा, दार लावा, नातेवाइकांना चहाला पाठवा. दोन पुरवणी कागद जोडा आणि रकान्यात ‘सोबत जोडले आहे’ एवढंच लिहा. परत आलं तर तसंच फेरसादर करा, जावक क्रमांकासह. आणि लाल शेऱ्यांच्या प्रती आमच्याकडे धाडा. सगळ्या एकत्र करून वर पाठवायच्या आहेत. फक्त जोडप्यांची नावं आणि केस क्रमांक काळ्या शाईने पुसून पाठवा. या खेपेला काहींनी तेवढीही तसदी घेतलेली नाही.