आयसीयूमधील बेडसोअर : पेशंटची कूस कोण बदलणार?

"डॉक्टर, पेशंट डोक्याच्या आजारासाठी ॲडमिट केला होता, मग माकडहाडाजवळ एवढी जखम कशी झाली?" आयसीयूतून बाहेर आलेल्या रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचं उत्तर बहुतेक वेळा "होतं असं, झोपून झोपून होतं" एवढ्यावर संपतं. हे उत्तर अर्धंच आहे.

बेडसोअर म्हणजे शय्याव्रण. नावात बेड असला तरी ही जखम होते दाबामुळे. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो, कारण दाबलेली जागा दुखते आणि मेंदू हलायला सांगतो. गुंगीच्या औषधाखाली व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाला ती सूचना मिळत नाही. मिळाली तरी हलता येत नाही. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला रक्तदाब साधारण ३२ मिलिमीटर धरला जातो. हाड आणि गादी यांच्यात चेपलेल्या मांसावर याहून जास्त दाब तासन् तास राहिला की रक्त पोहोचत नाही आणि तो भाग आतून मरायला लागतो. त्यात रुग्ण शॉकमध्ये असेल, रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरॲड्रेनलिन चालू असेल, तर त्वचेचा रक्तपुरवठा आधीच आखडलेला असतो. सोबत ताप, घाम, जुलाब, अंगावरची सूज, रक्तातली कमी प्रथिनं. त्यामुळे आयसीयूत ही जखम वॉर्डापेक्षा फार लवकर होते.

आणखी एक पेच आहे. न्यूमोनिया होऊ नये म्हणून व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलून ठेवतात. ते योग्यच आहे. पण त्यामुळे शरीर हळूहळू खाली घसरतं, त्वचा चादरीला चिकटून राहते आणि आतले थर ओढले जातात. शिवाय जखम फक्त पाठीलाच होते असं नाही. टाचा, डोक्याची मागची बाजू, मास्कखाली नाकाचा कणा, ऑक्सिजनच्या नळीमुळे कानामागे, नळी बांधलेल्या ओठाच्या कडेला, सगळीकडे होते. कोविडच्या काळात पालथं झोपवलेल्या रुग्णांच्या गालांवर आणि हनुवटीवर अशा जखमा जगभर दिसल्या.

आता अरुणा शानबाग यांची आठवण करून देतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षं, त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. ७ मार्च २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्याला दयामरणासाठी आठवतो. मला मात्र त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोअर झाला नाही, असं रुग्णालयाने सांगितलं होतं आणि न्यायालयाने तिथल्या परिचारिकांच्या सेवेचं मनापासून कौतुक केलं. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना पुसलं, भरवलं, वळवलं. त्यात कोणतंही महागडं तंत्र नव्हतं.

हे उदाहरण देऊन "बघा, सिस्टरांनी मनावर घेतलं की होतं" असं म्हणणारे असतात. मला ते पटत नाही. हिशेब करून बघा. दहा खाटांचा आयसीयू, दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसाला १२० वेळा. प्रत्येक वेळी दोन माणसं आणि नळ्या सांभाळत किमान पाच मिनिटं. दिवसाचे वीस मनुष्यतास फक्त या एका कामाला लागतात! व्हेंटिलेटरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी हे मानक सगळ्यांना पाठ आहे. रात्रपाळीत अनेक ठिकाणी एकच सिस्टर चार-पाच रुग्ण बघते, इंजेक्शनं देते, नोंदी लिहिते आणि फोनही घेते. अशा ठिकाणी चार्टवर दर दोन तासांची टिकमार्क दिसली तर मला आनंद होण्याऐवजी शंका येते. बेडसोअर हा मनुष्यबळाचा रिपोर्ट आहे, आणि तो आधी व्यवस्थापनाने वाचायला हवा. बिलात व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप यांच्या ओळी असतात. कूस बदलण्याची ओळ मी अजून पाहिलेली नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्याची अडचण आणखी वेगळी आहे. गंभीर रुग्ण तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून सोलापूर किंवा लातूरला जातो. ॲम्ब्युलन्सच्या कडक स्ट्रेचरवर दीड-दोन तास, त्याआधी कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवर काही तास. खोल मांसाला झालेली इजा त्वचेवर जांभळा डाग होऊन दिसायला बऱ्याचदा दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे आज दिसलेली जखम आधीच्या रुग्णालयात किंवा रस्त्यात सुरू झालेली असू शकते. मग हे रुग्णालय त्याच्याकडे बोट दाखवतं, ते ॲम्ब्युलन्सकडे, आणि नातेवाईक सगळ्यांशी भांडतात. यावर माझ्या मते एकच इलाज आहे. रुग्ण दाखल होताच पहिल्या काही तासांत त्याला कुशीवर करून पाठ, कंबर, टाचा बघायच्या, जे दिसेल ते लिहायचं आणि नातेवाइकांना दाखवायचं. रेफर करतानाही चिठ्ठीत त्वचेची नोंद हवी. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली पटकन कळत नाही, म्हणून हात लावून बघावं. तो भाग आजूबाजूपेक्षा गरम, गार, कडक किंवा पिचपिचीत लागतो का?

"नोंद केली तर केस होईल," ही भीती मला समवयस्क डॉक्टरांकडून नेहमी ऐकू येते. माझा अनुभव उलटा आहे. पहिल्या दिवशी सांगितलेली जखम लोक समजून घेतात. डिस्चार्जच्या दिवशी घरी चादर बदलताना सापडलेली जखम ते विसरत नाहीत. अमेरिकेत मेडिकेअरने २००८ पासून रुग्णालयात झालेल्या खोल बेडसोअरचा जादा खर्च देणं बंद केलं. तसा दंड आपल्याकडे घाईने आणू नये, नाहीतर जखमा कमी होण्याआधी नोंदीच कमी होतील. आणि हेही स्पष्ट सांगतो, की रक्तदाब तळाला गेलेल्या, जराही हलवलं तरी ऑक्सिजन घसरणाऱ्या रुग्णाला सगळं नीट करूनही जखम होऊ शकते. प्रत्येक बेडसोअर म्हणजे हलगर्जीपणा नव्हे.

नातेवाइकांसाठी थोडंसं. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती चालू आहे ना, हे बघा. लाइट गेल्यावर ती नुसतं प्लास्टिक असते, आणि वर चादर-गोधडीचे थर टाकले तर तिचा फायदा जातो. गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही, असं होत नाही. पूर्ण आडवं करण्याची गरज नाही, पाठीमागे उशी लावून ३० अंश कललं तरी पुरे. टाचेखाली नव्हे, पोटरीखाली उशी ठेवा म्हणजे टाच अधांतरी राहील. मधे भोक असलेली रबरी रिंग वापरू नका, तिच्या कडेचा दाब रक्तपुरवठा आणखी तोडतो. काळवंडलेल्या जागेवर तेल किंवा स्पिरिट चोळू नका. ओला डायपर तासन् तास ठेवू नका. आहाराबद्दल डॉक्टरांना विचारा, कारण अशा रुग्णाला दर किलो वजनामागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि नळीतून नुसतं भाताचं पाणी देऊन ती पुरी होत नाहीत. किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

आणि आयसीयूच्या दारात भेटीची पाच मिनिटं मिळाली, की बीपी किती, ऑक्सिजन किती हे विचारून झाल्यावर आणखी एक विचारा : "पाठ पाहिली का? आज कितीदा वळवलं?" हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. फक्त सिस्टरवर आवाज चढवून विचारू नका, राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारा.