तुलनेचें समाधान

आमच्या सुशिक्षित वर्गांत एक समाधान हल्लीं फार स्वस्त झालें आहे. मुलांच्या आरोग्याचा विषय निघाला कीं कोणीतरी बिहारचें नांव घ्यावें, "त्यांच्यापेक्षां आपण पुष्कळ बरे" असें म्हणावें, आणि सर्वांनीं चहाचा पेला उचलावा, असा प्रघातच पडला आहे. तुलना हें ज्ञानाचें साधन खरें. परंतु सोयीचा तेवढाच आंकडा दाखविणारी तुलना ज्ञान देत नाहीं, झोंप आणते.

प्रथम सोयीचा आंकडा घेऊं. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणें दर हजार जन्मांमागें वर्षाच्या आंत दगावणारीं बालकें भारतांत २८, महाराष्ट्रांत १६ व केरळांत ६. येथें आपलें स्थान मानाचें आहे, आणि ज्यांच्या श्रमांनीं तें मिळालें त्या परिचारिका व डॉक्टर यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. आतां गैरसोयीचा आंकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, उंचीच्या मानानें वजन फार कमी असलेलीं पांच वर्षांखालील मुलें भारतांत शेंकडा १९.३ आढळलीं, महाराष्ट्रांत २५.६. ज्या बिहारकडे बोट दाखवून आपण निश्चिंत होतों, तेथें हें प्रमाण २२.९ आहे! वयाच्या मानानें खुंटलेल्या उंचीचें प्रमाण बिहारांत ४२.९ व आपल्याकडे ३५.२, हें खरें. पण २०१५-१६ च्या पाहणींत आपलें तें प्रमाण ३४.४ होतें. म्हणजे मूल जगविण्याची विद्या आपण शिकलों, तें पोसण्याची शिकलों नाहीं.

यावर दोन उत्तरें तयार असतात. पहिलें असें कीं, आपल्या लोकांची ठेवणच लहानखुरी. हें उत्तर आतां टिकत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९७ ते २००३ या काळांत ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील, चांगल्या परिस्थितींत वाढणारीं मुलें मोजलीं. भारतांतील मुलें दक्षिण दिल्लीचीं होतीं. आईचें दूध, पुरेसा आहार व नीट निगा मिळालेल्या या मुलांची उंची सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढली. शिवाय दोष ठेवणीचा असता, तर वजनाचें जें प्रमाण आपल्याकडे २५.६, तेंच तामिळनाडूंत १४.६ कां असावें?

दुसरें उत्तर आयांच्या अज्ञानाचें. मेळघाट वा नंदुरबार येथील जी स्त्री कोंवळ्या वयांत आई होते, स्वतः अर्धपोटीं राहून मजुरी करते आणि पावसाळा सरतांच मूल कडेवर घेऊन कामाच्या शोधांत परमुलखीं जाते, तिला आहारशास्त्राचा उपदेश करणें ही क्रूर थट्टा आहे. १९७५ पासून चालू असलेल्या बालविकास योजनेची अंगणवाडी गांवींच राहते आणि मूल वीटभट्टीवर किंवा उंसाच्या फडांत. अज्ञान असेलच, तर तें या स्थलांतराकडे पाठ फिरविणाऱ्या आपलें आहे.

दुर्गमता हेंही कांहीं ललाटीचें लिखित नव्हे. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरीं जाऊन शुश्रूषा करण्यास शिकविलें, आणि तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण निम्म्याहूनही खालीं आलें, हें १९९९ सालींच प्रसिद्ध झालें. जें गडचिरोलींत घडूं शकलें तें इतरत्र घडत नसेल, तर कारण भूगोलांत शोधूं नये.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच कीं, तुलना अवश्य करावी. मात्र ती मागें असलेल्याशीं नव्हे, तर पुढें गेलेल्याशीं, आणि राज्याची राज्याशीं करण्यापूर्वीं आपल्याच जिल्ह्यांची आपसांत करावी. सरासरी ही कोणाच्याही पोटची नसते. तिच्या आड पुण्यामुंबईचें सुदृढ मूल आणि सातपुड्यांतलें हडकलेलें मूल एकाच रकान्यांत बसतात. आणि पहिल्याच्या वजनावर दुसऱ्याची भूक झांकून आपण त्यास प्रगति म्हणतों. पुढील पाहणीचे आंकडे हातीं येतील तेव्हां बिहारचा रकाना शेवटीं वाचावा, नंदुरबारचा आधीं.