पार्किंग सेन्सर : गरज की हौस?

आमच्या आपाचा धाकटा मुलगा गेली नऊ वर्षे शारजाला नोकरीला आहे. खेड-दापोलीकडच्या आपल्या घरांतून एखादा तरी माणूस आखातात असतोच, तसाच हा आमचा भाचा. लग्न झाले, दोन मुले झाली, गावचे घर बांधून झाले. मग गेल्या वर्षी त्याने लहानपणापासूनची हौस पुरी केली आणि जुन्या बाजारातून एक फोर्ड मस्टँग घेतली. लाल रंगाची, दोन दारांची, लांब नाकाची. आपाने फोटो पाहिला आणि आम्हाला फोन लावला, "दोन पोरांचा बाप आणि दोन दारांची गाडी! तू शिक्षक आहेस ना, सांग त्याला काहीतरी."

आम्ही काय सांगणार? गाडी हलालच्या कमाईची, कर्ज नाही, घरखर्चाला हात लागलेला नाही. आम्ही गप्प बसलो. पण महिन्याभराने खुद्द भाच्याचाच फोन आला. "मामू, एक मसला आहे. गाडीला मागे कॅमेरा आणि सेन्सर कंपनीचेच आहेत. आता दुकानवाला म्हणतो, पुढे चार सेन्सर घाला आणि चारी बाजूंचे दिसणारे कॅमेरे बसवा. बावीसशे दिरहम होतील. अम्मी म्हणते हा इस्राफ आहे. तुम्ही काय म्हणता?"

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. गाड्यांचे आमचे ज्ञान आमच्या जुन्या छोट्या गाडीपुरते. म्हणून आम्ही त्याला म्हटले, "घाई करू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येणारच आहोत, तेव्हा बघू." दरम्यान शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून हा सेन्सर म्हणजे नेमके काय, ते समजून घेतले.

वटवाघूळ अंधारात कसे उडते ते मुलांना आपण शिकवतोच. ते बारीक आवाज काढते, आवाज आपटून परत येतो, त्यावरून त्याला अडथळा कळतो. बंपरमधली ती रुपयाएवढी गोल टिकली हेच करते. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. ही टिकली साधारण चाळीस हजार कंपनांचा आवाज सोडते, म्हणून आपल्याला तो ऐकू येत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. भिंत एक मीटरवर असेल तर जाऊन परत यायला सेकंदाचा सहा हजारांश भाग लागतो. तेवढ्या वेळावरून यंत्र अंतर काढते आणि आत पीं-पीं सुरू होते.

यातच त्याच्या उणिवाही आल्या. बारीक खांबावरून किंवा तारेच्या जाळीवरून आवाज नीट परत येत नाही. कापडासारखी मऊ वस्तू आवाज शोषून घेते. बंपरच्या उंचीखाली असलेली बुटकी वस्तू सुटून जाऊ शकते. आणि चिखल किंवा धूळ बसली की टिकली बहिरी होते.

सरांनी एक हिशोबही करून दाखवला. मागचे सेन्सर साधारण दीड मीटरवरून बोलू लागतात असे धरा. गाडी ताशी पाच किलोमीटरने, म्हणजे माणूस चालतो त्या वेगाने मागे येत असेल, तर दीड मीटर संपायला जेमतेम एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदात आवाज ऐकायचा, समजायचा आणि ब्रेकवर पाय द्यायचा. म्हणजे गाडी चालण्याच्या वेगापेक्षाही हळू मागे घेतली, तरच या यंत्राचा उपयोग. ही गोष्ट दुकानवाला सांगत नाही.

नोव्हेंबरात आम्ही आणि बेगम शारजाला पोहोचलो. गाडी पाहिली. खरे सांगायचे तर देखणी आहे. पण आत बसल्यावर कळले की माणूस जमिनीलगत बसतो. पुढे बॉनेट इतके लांब की त्याचे टोक दिसत नाही. मागची काच बारीक, तिच्या दोन्ही बाजूंचे खांब जाड, डिकी उंच. उताणे झोपून गाडी चालवल्यासारखे वाटते.

दुसऱ्याच दिवशी जुमा होता. नमाज आटोपून सगळे जेवायला निघालो. भाचा गाडीत बसला, सूनबाई मोठीला पुढची सीट सरकवून मागे बसवत होत्या. आम्ही बाजूला उभे. भाच्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि गाडी वीतभर हलली असेल, तोच बेगमने दोन्ही हातांनी डिकीवर थाप मारली, "थांब! थांब!"

गाडीमागे अडीच वर्षांचा धाकटा उकिडवा बसला होता. त्याच्या हातातली खेळण्यातली मोटार पडली होती, ती उचलत होता. आम्हाला वाटले तो आईजवळ आहे. आईला वाटले तो आमच्याजवळ आहे.

अल्लाहचे शुक्र, मुलाला ओरखडाही आला नाही. पण भाचा गाडीतून उतरला आणि तिथेच फुटपाथवर बसून राहिला. कितीतरी वेळाने म्हणाला, "मामू, सेन्सर चालू असता तर ओरडला असता. आवाज मीच बंद केला होता. पार्किंगच्या जागेमागे ती झाडाची मोठी कुंडी आहे ना, तिच्यामुळे रोज ओरडायचा. कंटाळून बंद केला." आणि कॅमेरा? कॅमेऱ्याच्या काचेवर आठवड्याची वाळू बसलेली. पडद्यावर करड्या धुक्याशिवाय काही नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही मामा-भाच्यांनी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत एक प्रयोग केला. प्लास्टिकच्या स्टुलावर टॉवेलाची घडी ठेवून अडीच फूट उंची केली, म्हणजे बसलेल्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाएवढी. स्टूल गाडीमागे ठेवून हळूहळू लांब नेत गेलो. भाचा आरशात बघत होता. स्टूल दिसू लागले तेव्हा आम्ही टेपने अंतर मोजले. सोळा फूट. म्हणजे डिकीपासून सोळा फुटांपर्यंत आख्खा बालवाडीचा वर्ग बसला असता, तरी आरशात दिसला नसता.

मग कॅमेऱ्याची काच ओल्या फडक्याने पुसली. स्टूल लगेच दिसले, अगदी बंपरपाशी ठेवले तरी. सेन्सरचा आवाज चालू केला, तोही बोलला. स्टूल मागच्या चाकाच्या बाजूला सरकवले, तेव्हा मात्र ते ना कॅमेऱ्यात, ना सेन्सरमध्ये.

आता पुढच्या सेन्सरचा प्रश्न. तिथल्या पार्किंगमध्ये चाक अडवायला सिमेंटचे बुटके ठोकळे असतात. गाडीची हनुवटी इतकी खाली की नाक पुढे करून लावली की ती ठोकळ्याला घासते. भाच्याचे सगळे दुखणे तेच होते. त्याच्या मित्राच्या गाडीला तसले पुढचे सेन्सर होते. ती गाडी ठोकळ्यासमोर आणून पाहिले. भिंत जवळ आली की सेन्सर बरोबर बोलत होते, पण चार बोटे उंचीचा ठोकळा त्यांच्या खिजगणतीतही नव्हता. ज्या दुखण्यासाठी बावीसशे दिरहम द्यायचे, ते दुखणे त्या औषधाने जाणारच नव्हते.

त्यावर फुकटचा उपाय निघाला. गाडी जागेत उलटी लावायची. मागचा बंपर जमिनीपासून वर असतो, तो ठोकळ्यावरून सहज जातो, आणि मागे कॅमेरा आहेच. शिवाय निघताना गाडी सरळ पुढे निघते, त्यामुळे येणारी-जाणारी माणसे समोर दिसतात. जागेत शिरताना आपण सावध असतो. निघताना घाई असते, मुले भोवती असतात. घाईच्या वेळी तोंड पुढे असलेले बरे.

शेवटी ठरले ते असे. पुढचे सेन्सर नको, कारण त्यासाठी बंपरला भोके पाडायची आणि ती परत बुजत नाहीत. चारी बाजूंचे कॅमेरेही नको. चार चित्रे जोडून वरून पाहिल्यासारखे दाखवणारे ते काम सुंदर असते, पण बाहेरून बसवताना तारा कापाव्या लागतात, आणि ते नीट जुळवले नाही तर जोडावरच्या वस्तू गायब होतात. मागचे सेन्सर आणि कॅमेरा मात्र या गाडीला हवेतच. त्यांचा आवाज पुन्हा बंद करायचा नाही. दर दोन दिवसांनी कॅमेऱ्याची काच पुसायची. आणि वॉचमनला सांगून ती कुंडी हलवायची! रोज खोटे ओरडणारी घंटा कोणी ऐकत नाही. घंटा बंद करण्यापेक्षा तिच्या ओरडण्याचे कारण दूर केलेले बरे.

आम्ही एकांगी बोलत नाही. कोणाची मान वळत नसेल, वय झाले असेल, भिंतीला लागून अरुंद जागेत गाडी लावावी लागत असेल, तर पुढचे सेन्सरही कामाचे आहेत. त्यावर खर्च करणे हा इस्राफ नव्हे. इस्राफ तो, जेव्हा आपल्याला कशासाठी हवे हेच ठाऊक नसते आणि शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपण घेतो.

पण रंग वाचवण्याचा खर्च आणि जीव वाचवण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत २००२ साली मुलांच्याच एका डॉक्टरकडून स्वतःच्या घराच्या अंगणात गाडी मागे घेताना दोन वर्षांचा मुलगा दगावला. त्या मुलाच्या नावाने तिथे कायदा झाला, त्यावर २००८ साली सही झाली, आणि १ मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्या देशातही १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. त्याआधीची गाडी असेल, तर ते बाहेरून बसवता येतात आणि महाग नसतात. आमची स्वतःची गाडी त्याआधीची. परत आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही ते बसवून घेतले.

आता आमच्या वाचकांना एक गृहपाठ. तुमच्याकडे मस्टँग नसेल, पण गाडी असेल. या शुक्रवारी गाडीमागे अडीच फूट उंचीची एखादी वस्तू ठेवा, चालकाच्या जागेवर बसा आणि ती आरशात किती फुटांवर दिसते ते मोजा. घरात जो जो गाडी चालवतो, त्या प्रत्येकाला बसवा. आणि घराचा एक नियम करा : गाडी मागे घेण्यापूर्वी चालकाने एकदा गाडीभोवती फेरी मारायची, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाने लहान मुलाचा हात धरून चालकाला दिसेल असे समोर उभे राहायचे. "कोणीतरी धरले असेल" हे चालणार नाही. कोणी धरायचे, त्याचे नाव घेऊन सांगायचे. ईदगाहबाहेर, मशिदीबाहेर, लग्नाच्या हॉलबाहेर तर याची जास्तच गरज असते, कारण तिथे सगळ्यांनाच घाई असते आणि मुले मोकाट.

आधी उंट बांधा, मग तवक्कुल करा, ही शिकवण आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. सेन्सर ही दोरी आहे. गाठ आपल्यालाच मारायची असते.

परवा भाच्याचा फोन आला होता. कुंडी हलवली. गाडी आता उलटीच लावतो. आणि धाकट्याने नवीन खेळ काढला आहे म्हणे : बाबा गाडीत बसले की आईचा हात धरून समोर उभे राहायचे आणि मोठ्याने ओरडायचे, "बाबा, मी इथे!"